कळशीच्या गळ्यावरची पाच बोटं

देवासच्या औद्योगिक क्षेत्रात, रबराच्या एका गोदामामागे, गणपतरावांचा कारखाना आहे. पाटीवर इंग्रजीत लांबलचक नाव आहे, पण रिक्षावाल्याला ते सांगून काही उपयोग होत नाही. ‘तांबटांचा कारखाना’ म्हटलं की तो बरोबर आणून सोडतो. गणपतरावांचे पणजोबा देवासच्या थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या गादीच्या, दरबारासाठी घंगाळी आणि हंडे ठोकत. आजोबांनी लग्नाची भांडी केली, वडिलांनी दुधाच्या टाक्या. गणपतराव जी भांडी करतात त्यांत भरायचे पदार्थ इतके थंड असतात की बोट लागलं तर कातडी धातूला चिकटून निघते.

या कारखान्यात मालन एकोणीस वर्षं गळती शोधते आहे.

काम सांगायला सोपं आहे. भांडं यंत्राला जोडायचं, आतली हवा ओढून काढायची, आणि बाहेरून एकेका जोडावर बारीक नळीनं हेलियम सोडत जायचं. कुठे डोळ्यांना न दिसणारी फट असली तरी हेलियम आत शिरतो आणि यंत्र ओरडतं. न ओरडलं तर मालन कागदावर सही करते. तिच्या सहीशिवाय भांडं फाटकाबाहेर जात नाही.

तिला हे काम मिळालं ते तिच्या घाबरट स्वभावामुळे. बी.एस्सी. होऊन पाच वर्षं झाली होती, दीपेश बालवाडीत होता, नीलकंठची पीथमपूरला शिफ्टची नोकरी होती. मुलाखतीला बसल्यावर पगार किती, हे विचारायच्या आधी तिनं विचारलं होतं, “आग लागली तर इथून बाहेर पडायचं कुठून?” गणपतराव हसले आणि म्हणाले, “सोमवारपासून या.” घरी ती गॅसचा कॉक तीनदा बघते. नीलकंठ तिला चिडवतो, “अगं, तो कॉक तुला ओळखायला लागला असेल आता. विचार त्याला एकदा, बाबा रे, तुझं काय दुखतंय?” ती हसते आणि चौथ्यांदा बघते.

तर या मालनच्या हातात गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एक भांडं आलं. ॲल्युमिनियमचं, गोल पोटाचं, वर अरुंद गळा. पोटाला समोरासमोर दोन खिडक्या, कागदासारख्या पातळ पत्र्याच्या. नकाशावर त्याचं नाव काहीतरी मोठं होतं. कारखान्यात पहिल्याच दिवशी त्याला ‘कळशी’ म्हणायला लागले, कारण ती दिसतच होती कळशीसारखी. वीस लिटरची कळशी, आणि तिच्यात भरायचा होता द्रवरूप हायड्रोजन. शून्याखाली दोनशे त्रेपन्न अंश.

ती जाणार होती नालछ्याच्या अलीकडे माळावर नव्यानं उभ्या राहिलेल्या प्रयोग-केंद्रात. आणि त्या केंद्रात, हायड्रोजन भरणाऱ्या चौघांच्या तुकडीत, दीपेश होता. तिचा एकुलता एक. चोवीस वर्षांचा. धारला खोली घेऊन राहायचा आणि दर दुसऱ्या रविवारी धुण्याची पिशवी घेऊन देवासला यायचा.

हा प्रयोग काय आहे, हे त्यानंच तिला समजावलं होतं. मराठी त्याची अर्धी हिंदी, पण सांगायची हौस फार.

“आई, नवरात्रात देवीच्या टेकडीवरून पब्लिक कशी उतरते? कोणी इकडे, कोणी तिकडे, धक्का-मुक्की. तसा असतो कणांचा झोत. सगळे पुढे तर चाललेत, पण पांगत-पांगत. आपल्याला पाहिजेत एका लाइनमध्ये. मग काय करायचं? त्यांना गुडघाभर पाण्यातून चालवायचं. म्हणजे सगळ्यांचीच रग उतरते, पुढची पण आणि आजूबाजूची पण. मग मागून ढकलायचं, पण फक्त पुढे. असं पुन्हा पुन्हा केलं की गर्दीची रांग होते. याला म्हणतात झोत थंड करणं.”

“आणि ते पाणी म्हणजे तुझा हायड्रोजन.”

“हो. झोत कळशीच्या एका खिडकीतून आत, दुसरीतून बाहेर. दुसरं काही ठेवलं तर कण त्याच्यावर आपटून अजून पांगतात. हायड्रोजन सगळ्यात हलका, म्हणून तोच.”

मालननं विचारलं, “आणि तू कुठे उभा असतोस?”

“आई यार, मी झोत सांगतोय आणि तू...”

“कुठे उभा असतोस, दीपू?”

“भरताना? चार-पाच मीटरवर. व्हॉल्व्हपाशी. झोत सोडतात तेव्हा कोणीच नसतं आत.”

चार-पाच मीटर. तिनं मनातल्या मनात स्वयंपाकघर ते पुढचा दरवाजा एवढं अंतर मोजलं. तेवढंच भरलं.

कळशीचे जोड केले तात्यांनी. तात्या कारखान्यातले सगळ्यात जुने वेल्डर. ॲल्युमिनियमला हात लावावा तो त्यांनीच. मालनला गळती शोधायला शिकवलं तेही त्यांनीच, कारण पूर्वी ते स्वतःचे जोड स्वतःच तपासायचे. आता वय झालं होतं, येत्या मार्चमध्ये ते घरी बसणार होते. नकाशाप्रमाणे कळशीला आधी द्रवरूप नायट्रोजनची बुडी दिली, थंडीत जोड टिकतो का ते बघायला, मग तपासणी. मालननं गळ्याच्या जोडाभोवती नळी फिरवली आणि एका जागी यंत्र हलकेच कुरकुरलं. तात्यांनी चष्मा पुसला, जोड पाहिला, तेवढी जागा घासली आणि पुन्हा शिवली. लहानशा दुरुस्तीनंतर परत बुडी द्यायची अट नव्हती. नुसती हेलियमची तपासणी करायची होती. पण तोवर संध्याकाळ झाली, आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

खंडेनवमीला कारखान्यात कामाला हात लावत नाहीत. हत्यारं पुसून मांडतात, यंत्रांना झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू वाहतात. कोरडं कुंकू धातूवरून झडतं, म्हणून इथे ते तिळाच्या तेलात कालवतात. हा कारखान्यातला जुना रिवाज. मालन दर वर्षी आपल्या यंत्राला एक बोट लावते आणि वाटी पुढे देते. त्या वर्षी वाटी हातात असताना तिचं लक्ष कळशीकडे गेलं. टेबलावर एकटीच उभी होती. घरी देव्हाऱ्यात घट बसलेला, त्याच्या गळ्याला पाच बोटं कुंकू. आणि ही कळशी उद्या-परवा जिथे जाणार होती, तिथे तिच्यापासून चार-पाच मीटरवर तिचा मुलगा उभा राहणार होता.

तिनं इकडेतिकडे पाहिलं. तेलातल्या कुंकवाची पाच बोटं तिनं कळशीच्या गळ्याभोवती ओढली आणि मनात म्हणाली, बाई गं, माझ्या पोराला सांभाळ.

दसरा गेला. एकादशीला सकाळी ट्रक दारात उभा. गणपतराव दर दहा मिनिटांनी आत डोकावत, “मालनबाई, गाडी खडी आहे बरं का, ड्रायव्हर चहावर चहा पितोय.” तिनं स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्यानं कुंकू पुसलं. एकदा, दोनदा. फडकं पांढरं निघेपर्यंत. मग यंत्र लावलं. सगळे जोड झाले. गळ्याच्या जोडाभोवती तिनं नळी तीनदा फिरवली. यंत्र गप्प. काटा हललासुद्धा नाही. तिनं सही केली. कळशी गेली.

वीस दिवस मालन सुखात होती. एवढं सुख तिला सहसा मिळत नाही.

लक्ष्मीपूजनाला दीपेश घरी आला. पाटावर नवी केरसुणी, तिला हळदकुंकू, शेजारी लाह्या-बत्तासे. आरती झाल्यावर तो म्हणाला, “आई, ही केरसुणी मी नेऊ सोमवारी?”

“लक्ष्मी आहे ती. कुठे नेतोस?”

“साइटवर. सोमवारी पहिल्यांदा भरणार ना कळशी. आमच्या तुकडीच्या हेड, वेदिका मॅडमनी सांगितलंय, एक गवताची झाडू पाहिजे. प्लास्टिकची नाही चालत.”

नीलकंठ म्हणाला, “एवढं मोठं केंद्र आणि झाडायला केरसुणी आमच्या घरची?”

“झाडायला नाही, बाबा. हायड्रोजन पेटला ना, तर दिवसा त्याची ज्वाला दिसतच नाही. धूर नाही, काही नाही. माणूस सरळ आत चालत जातो. मशीन आहेत म्हणा पकडायला, पण मॅडम जुन्या पद्धतीच्या. म्हणतात, मशीन बंद पडलं तर झाडू पुढे धरून चालायचं. झाडू पेटली की थांबायचं.”

नीलकंठ हसला. दीपेशही हसला. मालन वाकून केरसुणीला कुंकू लावत होती, तिचं बोट तिथेच राहिलं. बोटाच्या टोकाला कुंकू. तेलातलं, कारण केरसुणीला कोरडं राहत नाही. तिनं अंगठ्यानं ते पुसलं. लाल गेलं, तेल बोटाच्या रेषांत राहिलं.

तिनं ते बोट समईच्या उजेडात धरलं.

गेली दहा वर्षं कारखान्यात नव्या मुलांना ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते. तपासणीच्या आधी जोडाला तेल लागू द्यायचं नाही. बारीक फटीत तेल शिरलं की तिथेच बसतं, फडक्यानं निघत नाही. फट बुजते, हेलियम आत जात नाही, यंत्र गप्प राहतं आणि तुम्ही फसता. मग भांडं थंड झालं की तेल गोठतं, आक्रसतं, तडकतं, आणि फट पुन्हा उघडते. तेव्हा तिथे तपासायला कोणी नसतं.

हे सगळं तिला येत होतं. पाठ होतं. त्या दिवशी तिच्या डोक्यात ते आलं नाही, कारण तिच्या लेखी वाटीत तेल नव्हतंच. कुंकू होतं.

“आई, काय झालं? चेहरा बघ.”

“काही नाही. धूर गेला डोळ्यात.”

पाडव्याला ती गणपतरावांच्या घरी गेली. फराळाची ताटली पुढे आली. तिनं एक करंजी मोडली आणि सगळं सांगितलं.

गणपतरावांनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, “काटा हलला होता का?”

“नाही.”

“सही कोणाची?”

“माझी.”

“मग झालं की. अहो मालनबाई, आमच्या चार पिढ्या खंडेनवमीला कुंकू लावतायत. कुंकवानं कधी कोणाचा घात केलाय का? आणि आता फोन करून सांगायचं काय त्यांना? आमच्या बाईंनी तुमच्या भांड्याची पूजा केली? उद्यापासून एक ऑर्डर येणार नाही, बघा.” मग आवाज उतरवून, “आणि जोड तात्यांचा आहे. मार्चमध्ये त्यांचा सत्कार ठेवलाय मी. जाता जाता म्हाताऱ्याला हे दाखवायचं?”

ती उठून आली. करंजी तशीच राहिली.

भाऊबिजेला तिनं दीपेशला सांगितलं. तो पिशवी भरत होता, सुती शर्ट एकावर एक. हायड्रोजनजवळ नायलॉन चालत नाही, अंगावरच्या ठिणगीनंही पेटू शकतो, म्हणून तिनंच इंदूरहून सहा शर्ट आणले होते. त्यानं घडी घालायची थांबवली.

“तू कळशीला कुंकू लावलंस.”

“पाच बोटं.”

“आई.” तो पलंगावर बसला. “तुला माहीत आहे ना मी तिथे सगळ्यात ज्युनियर आहे? ऑलरेडी ते लोक मला हसतात, तू दिवसातून तीनदा फोन करतेस म्हणून. आता मी जाऊन सांगू, मॅडम, मेरी मम्मी ने... नाही. मी नाही सांगणार. आणि तू पण नाही. प्लीज.”

“यंत्र खोटं बोललं असेल तर?”

“यंत्र खोटं नाही बोलत. तू घाबरतेस. तू प्रत्येक गोष्टीला घाबरतेस. मी पहिल्यांदा सायकल घेतली तेव्हा तू रस्त्यात उभी राहिली होतीस हात पसरून. आठवतं?”

आठवत होतं. त्या दिवशी रस्त्यावर एकही गाडी आली नव्हती. त्याचं खरं होतं. आयुष्यभर ती ज्या ज्या गोष्टींना भ्याली त्यातल्या बहुतेक घडल्याच नाहीत. मग ही भीती त्याच ढिगातली की वेगळी, हे ओळखायचं कशानं? एकोणीस वर्षं ती फटी शोधत आली, पण आपल्या मनातली कुठली कुरकुर खरी, हे दाखवणारं यंत्र तिच्याजवळ नव्हतं.

तो गेला. केरसुणी वर्तमानपत्रात गुंडाळून नेली.

रविवारी ती तात्यांकडे गेली. तात्या अंगणात खुर्ची टाकून पाय उन्हात सोडून बसले होते. तिनं मान खाली घालून बोलायला सुरुवात केली. कुंकवाचं ऐकून त्यांनी उजवा हात पुढे केला, तळवा खाली. बोटं थरथरत होती, वाऱ्यावर पान हलावं तशी.

“बघितलंस?”

“तात्या...”

“आषाढापासून आहे. कोणाला दाखवलं नाही. सकाळी सकाळी थांबतं, तेव्हा काम उरकून घेतो. त्या दिवशी तू गळ्यापाशी कुरकुर दाखवलीस तेव्हा चार वाजून गेले होते, पोरी. मी म्हणायला पाहिजे होतं, उद्या करतो. पण उद्या खंडेनवमी.” त्यांनी हात परत मांडीखाली घेतला. “तुझं कुंकू फटीत गेलं असेल की नसेल, मला माहीत नाही. पण तिथे फट असू शकते, हे मला माहीत आहे.”

आतापर्यंत मालन एका ‘जर’ला भीत होती. आता दोन झाले.

“गणपतराव नको म्हणतात.”

“तो मालक आहे. भांडं त्याचं होतं, आता नाही.” तात्या म्हणाले. “तू जा. जोड तात्यानं केला आणि तात्याचा हात हलतो, असं सांग. लाजू नकोस. सत्काराची शाल काय, मी बाजारातून पण आणू शकतो.”

तिनं तिथूनच केंद्राच्या ऑफिसचा नंबर लावला. सुट्टी. घंटा वाजत राहिली. दीपेशनं फोन उचलला नाही. मग त्याचा संदेश आला, ‘आई प्लीज. कल बात करते हैं.’

सोमवारी पहाटेच्या पहिल्या बसनं ती निघाली. इंदूरला गाडी बदलली. पीथमपूरच्या शिफ्टच्या बसमध्ये उभं राहायला जागा मिळाली. भरण्याची वेळ अकराची, हे तिनं दीपेशच्या बोलण्यातून टिपून ठेवलं होतं. नऊ वाजता बस पीथमपूरच्या चौकात अडकली. सव्वानऊला तिथेच. मालन खिडकीबाहेर बघत होती आणि मनात कळशीचा गळा फिरवत होती, एक बोट, दुसरं, तिसरं. दुरुस्तीची जागा नकाशावरच्या खुणेपासून डावीकडे. कुंकवाचं तिसरं बोट. तिसरंच होतं. की दुसरं?

तिथून तिनं रिक्षा केली. माळावर लांबून पांढरी शेड दिसायला लागली. तिच्याकडे बघताना मालनला वाटलं, आत्ता काही झालं तर मला आधी उजेड दिसेल की आवाज ऐकू येईल? मग तिला आठवलं, उजेड दिसत नाही.

फाटकावर फोन जमा करायची पेटी होती. त्यात दीपेशचा फोन तिनं ओळखला, कव्हरवरून. पहारेकऱ्यानं रजिस्टर पुढे केलं, “किससे मिलना है, माताजी?”

“वेदिका मॅडमना सांगा, कळशीची... टेस्ट व्हेसलची लीक टेस्ट जिनं केली ती आली आहे. देवासहून. भरू नका म्हणावं.”

शेडच्या दारातून दोघं-तिघं मुलं डोकावली. एकजण ओरडला, “ए दीपेश भिया, मम्मी टिफिन लेके आ गई!” हशा झाला. दीपेश दारात आला आणि तिला बघून त्याचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. तो पुढे आला नाही.

वेदिका मॅडम बारीक अंगाच्या, पस्तिशीच्या, केस घट्ट बांधलेल्या. त्यांनी मालनला बाजूच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं, आणि मालन बोलत असताना एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं,

“तेल कुठलं?”

“तिळाचं.”

“किती वेळ होतं जोडावर?”

“नवमी सकाळपासून एकादशी सकाळपर्यंत. दोन दिवस.”

“दुरुस्तीची जागा त्याखाली आली होती?”

“तिसऱ्या बोटाखाली. मला वाटतं, तिसऱ्या.” मग तिनं तात्यांचा हातही सांगितला. त्यांनी सांगायला सांगितलं होतं म्हणून.

वेदिका मॅडम उठल्या. भिंतीवरचा फोन उचलला आणि तीनच शब्द बोलल्या, “थंड करणं थांबवा.” मग मालनकडे वळून, “सकाळी सहापासून गार हेलियम फिरवून भांड्याचं तापमान उतरवत होतो खाली. अजून तासाभरात हायड्रोजन सोडला असता. आता परत ऊब द्यायची म्हणजे दोन दिवस जातील.”

“माझ्यामुळे...”

“मला माहीत नाही अजून, कोणामुळे काय.” आवाज कडक होता. “तुम्ही लिहून द्या हे सगळं. कुंकू, तेल, पाच बोटं, सगळं. आणि गुरुवारी परत या. तपासणी तुम्हीच करायची.”

जाताना फाटकापाशी दीपेश आला. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. “काही नाही निघालं तर मी नोकरी बदलतो, आई. इथे तोंड नाही दाखवू शकत.”

ती म्हणाली, “काही निघू नये, हीच माझी इच्छा आहे.” बसमध्ये बसल्यावर तिला कळलं की हे पूर्ण खरं नाही. काही निघालं नाही, तर फट नाही, हे तिला कोण पटवून देणार होतं? ज्या यंत्राच्या गप्प राहण्यावर तिनं एकदा सही केली, त्याच्याच गप्प राहण्यावर परत कसा विश्वास ठेवायचा?

गुरुवारपर्यंत त्यांनी कळशीला हीटर गुंडाळून गरम ठेवलं, आतून हवा ओढत राहिले, गळा पुन्हा पुन्हा सॉल्व्हंटनं धुतला. मालन पोहोचली तेव्हा ती टेबलावर उभी होती, तशीच, खंडेनवमीला होती तशी. खोलीत सहा-सात माणसं. दीपेश भिंतीला टेकून.

तिनं यंत्र लावलं. नळी हातात घेतली. तिला तात्यांची आठवण झाली आणि तिनं कोपर टेबलावर टेकवलं, ते टेकवायचे तसं. पोटाचे जोड झाले. खिडक्या झाल्या. खोलीत पंपाच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता. गळा आला. पहिलं बोट जिथे होतं ती जागा. गप्प. दुसरं. गप्प. तिनं नळी तिसऱ्याच्या जागेकडे केसाकेसानं पुढे सरकवली.

यंत्र कुरकुरलं. मग ओरडलं.

तिनं नळी काढली. आवाज हळूहळू बसला. पुन्हा लावली. पुन्हा ओरडलं. तिसऱ्यांदा लावायची गरज नव्हती, तरी तिनं लावली, घरी गॅसचा कॉक बघते तशी.

वेदिका मॅडमनी आकडा वाचला. “ऊब असताना वर्षाकाठी चमचाभर वायू,” त्या म्हणाल्या. “एवढंच. गार झाल्यावर आणि आत हायड्रोजन असताना ही फट किती मोठी झाली असती, सांगता येत नाही. कळशीभोवती जे बाहेरचं कवच असतं त्यातली निर्वात पोकळी गेली असती, आतलं सगळं एकदम उकळलं असतं. कदाचित आमच्या गेजनं आधीच पकडलं असतं.” त्यांनी आकडा वहीत लिहिला. “कदाचित.”

सोमवारी हसलेला मुलगा जमिनीकडे बघत होता.

मालनला वाटलं होतं, आवाज आला तर सुटल्यासारखं होईल. तसं झालं नाही. तिची नजर कळशीवरून व्हॉल्व्हकडे गेली, व्हॉल्व्हपासून भिंतीकडे. चार-पाच मीटर. तिथे जमिनीवर पिवळ्या रंगात एका माणसाला उभं राहण्यापुरता चौकोन आखला होता. ती स्टुलावर बसली ती बराच वेळ उठली नाही. दीपेशनं पाण्याचा ग्लास आणून तिच्या हातात दिला आणि तिची बोटं ग्लासाभोवती नीट बसवली, लहान मुलाची बसवतात तशी.

कळशी देवासला परत आली. गणपतरावांनी मालनशी चार दिवस बोलणं टाकलं. पाचव्या दिवशी तिच्या टेबलावर स्पिरिटची नवी बाटली आणून ठेवली आणि खोकून निघून गेले. गळा तात्यांनीच पुन्हा शिवला, सकाळी साडेसातला, मालननं त्यांचं मनगट खालून आपल्या तळव्यावर धरलं होतं तेव्हा. “दोघांच्या हातचं झालं आता,” तात्या म्हणाले, “फुटलं तर अर्धं तुझं.” या वेळी नायट्रोजनच्या बुड्या तीन दिल्या, अट नसताना. तीन वेळा तपासलं. सही करायच्या आधी मालननं हात साबणानं धुतले, आणि मग पुन्हा धुतले.

भरण्याचा दिवस मार्गशीर्षातल्या एका बुधवारी ठरला. त्या दिवशी ती कामावर गेली, पण तिच्या हातून एकही तपासणी झाली नाही. तात्या तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि शेंगा सोलत राहिले. अकरा वाजले. साडेअकरा. बारा. तिनं टेकडीच्या दिशेला तोंड केलं, मग केंद्राच्या दिशेला, मग फोनकडे. कोणाला काय मागायचं ते सुचत नव्हतं. मागच्या वेळी मागितलं होतं, त्याचं काय झालं ते तिनं बघितलं होतं.

पाऊण वाजता फोन वाजला.

“आई, भरलं.” मागे गलका होता. “सगळं ओके. वीस लिटर. आणि ऐक, तुझी केरसुणी आहे तशी आहे. एक काडी पण नाही जळली. मॅडमनी भिंतीला टांगून ठेवली आहे.”

“उलटी नाही ना टांगली?”

तो हसला. “नाही गं. सरळ आहे.” मग, “पुढचं भरणं पंधरा दिवसांनी आहे. मी स्वतः फोन करेन. तू करू नको, पेटीत असतो माझा.”

“बरं,” मालन म्हणाली.

तिनं फोन ठेवला. तात्यांनी शेंगदाण्यांची मूठ तिच्यापुढे केली. तिनं कॅलेंडर काढलं, पंधरा दिवस मोजले आणि त्या तारखेभोवती पेन्सिलीनं गोल केला.